चाराचे सहा

हौसाआत्याच्या हातातलं पेन मी काढून घेतलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तोवर घरातल्या कुणा मोठ्या माणसाच्या हातून मी पाण्याचा तांब्याही न विचारता घेतला नव्हता. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. 'माझ्या निष्काळजीपणामुळे रुग्णाच्या रिपोर्टमध्ये चुकीचा आकडा गेला' असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली आत्याच्या सहीसाठी रेघ ओढून ठेवली होती. आत्या सहीला वाकली होती. पलीकडे दवाखान्याचे मालक डॉक्टर चष्मा पुसत बसले होते. मी पेन घेतलं, त्याला टोपण लावलं आणि म्हणाले, "आत्या सही करणार नाही." आपण काय बोललो ते मला बोलून झाल्यावर कळलं. आत्या माझ्याकडे बघतच राहिली. तिच्याबरोबर मी आले होते ती फक्त सोबतीला, कारण मामांची ड्यूटी होती.

आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं. वडील मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने घाटाखाली असायचे. दहावीला मला बरे मार्क पडले तेव्हा त्यांनी मला सांगलीला बहिणीकडे आणून सोडलं आणि तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला नाव घातलं. कॉम्प्युटर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही फारसं नव्हतं. आत्याचं घर म्हणजे मार्केट यार्डाजवळच्या गोदामामागच्या दोन खोल्या. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, फौजेतून हवालदार होऊन रिटायर झाले होते आणि त्या हळदीच्या गोदामावर राखणीला होते. शेजारी हळद पॉलिश करायचे मोठे ड्रम फिरायचे. सकाळी नऊला ते सुरू झाले की भिंतीला पाठ टेकलेल्या माणसाच्या छातीत घरघर व्हायची. दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे दोन धुण्यांत पिवळे पडायचे. कॉलेजात मुली मला विचारायच्या, तुझ्या घरी रोज लग्न असतं का गं. पहिल्या वर्षी मला त्याचं रडू यायचं. दुसऱ्या वर्षी मी त्यांना म्हणायला लागले की हो, असतं, या एकदा जेवायला.

आत्याच्या घरात सांगलीचं असं भडंगच काय ते होतं. बाकी सगळं गावाकडचं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी पुन्हा भाकरी आणि मिळेल ती पालेभाजी. मामा जेवताना बोलत नसत, पण जेवून झाल्यावर ताट उचलताना दर वेळी "ओके रिपोर्ट" म्हणत. ही त्यांची फौजेतली सवय होती आणि आत्याला तिचं हसू यायचं. आत्या स्वतः दिवसभर रिपोर्टच टाइप करायची. लग्नानंतर ती टायपिंग शिकली, मग कॉम्प्युटरवर बसली, आणि त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला बारा वर्षं झाली होती. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं अजून आहेत आणि त्यातली बरीचशी चांगली आहेत.

तिची काम करायची रीत मी सुट्टीच्या दिवशी कितीदा तरी पाहिली होती. लॅबमधले टेक्निशियन रजिस्टरात आकडे लिहीत. आत्या ते कॉम्प्युटरवर घाली, कागद छापून काढी आणि मग एक बोट रजिस्टरावर, एक बोट छापील कागदावर ठेवून प्रत्येक आकडा मोठ्यानं वाची. सोडियम एकशे अडतीस, पोटॅशियम चार पॉइंट दोन. जुळलं की कोपऱ्यात बारीक सही. एक प्रत फायलीत, एक वॉर्डात. इंग्रजी शब्दांचे अर्थ तिला सगळे माहीत नव्हते, पण कुठला आकडा कुठं शोभत नाही हे तिला बरोब्बर कळायचं. दोन-तीनदा तिनं टेक्निशियनचीच चूक पकडून रजिस्टर माघारी पाठवलं होतं. याचा तिला अभिमान होता. तो ती बोलून दाखवत नसे, एवढंच.

झालं ते असं. मिरजेकडचे एक वयस्क गृहस्थ दवाखान्यात होते. त्यांचं पोटॅशियम चार पॉइंट दोन आलं, आत्यानं टाइप केलं, वाचलं, सही केली. दुसऱ्या दिवशी वॉर्डातली प्रत सापडेना म्हणून नर्सनं कॉम्प्युटरवरून तोच रिपोर्ट पुन्हा छापून घेतला. त्यावर सहा पॉइंट दोन होतं. सहाच्या वर पोटॅशियम गेलं की हृदय बंद पडायची भीती असते. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं ताबडतोब ते उतरवायची औषधं सुरू केली, त्यात इन्सुलिनही होतं. आजोबांची साखर एकदम खाली गेली, दरदरून घाम फुटला, घरच्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. पुन्हा रक्त तपासलं तर चार पॉइंट एक. आजोबा दोन दिवसांत उठून बसले, पण तोवर कुणाचं चुकलं हे ठरून गेलं होतं. रजिस्टरात चार, आत्याच्या सहीच्या फायलीतल्या प्रतीवर चार, आणि मशिनमध्ये सहा. सगळ्यांनी असा अर्थ काढला की आत्यानं आधी सहा टाइप केले, गडबड झाल्यावर मशिनवर तात्पुरते चार करून कागद काढला आणि फायलीत सरकवला. म्हणजे आधी चूक आणि वर लबाडी.

मी पेन काढून घेतलं त्या दिवशी डॉक्टर रागावले नाहीत. मला शाळकरी पोर समजून त्यांनी शांतपणे समजावलं. हे मशीन साधं नाही, म्हणाले. पुण्यातल्या इंजिनिअर मेहुण्याला विचारून त्यांनी ते खास मागवलं होतं. याच्या मेमरीत एखादा आकडा बिघडला तर ती स्वतःच ओळखते आणि स्वतःच दुरुस्त करते. "तेव्हा चूक मशिनची नाही, माणसाची आहे," ते म्हणाले. आठ दिवसांत सही आली नाही तर दुसरी बाई बघावी लागेल, आणि तोवर हौसाबाईंनी कामावर येऊ नये.

आम्ही दोघी चालत घरी आलो. वाटेत मी डॉक्टरांचं ते एक वाक्य घोळवत होते, कारण त्या वर्षी आम्हाला नेमकं तेच शिकवलं होतं. घरी येऊन मी वही काढली. कॉम्प्युटर अक्षरं आणि आकडे शून्य-एकच्या रांगांनी लक्षात ठेवतो. चाराची रांग लिहिली, खाली सहाची लिहिली. दोन्ही रांगा एकसारख्या होत्या, फक्त शेवटून दुसऱ्या घरात चाराला शून्य होतं आणि सहाला एक. तेवढं एक घर आपोआप उलटलं की चाराचे सहा होतात. मेमरीत असं घर क्वचित उलटतं, उष्णतेनं, खराब चिपेनं, कधी काही कारण सापडत नाही तरी. मी आत्याला वही दाखवली. तिनं दोन्ही रांगांवर बोट ठेवलं, रिपोर्ट तपासताना ठेवायची तसंच, आणि मोठ्यानं वाचल्या. मग म्हणाली, "एवढ्याशानं?"

तेव्हा प्रश्न एकच उरला होता. डॉक्टर म्हणत होते तशी दुरुस्तीची मेमरी त्या मशिनमध्ये खरोखर चालू होती का. मी दुसऱ्या दिवशी एकटीच दवाखान्यात गेले आणि मशीन उघडून दाखवा म्हणाले. डॉक्टरांना ते पोरकट वाटलं, पण साताऱ्याहून मशीन पुरवणारे दुकानदार तसेही दोन दिवसांनी येणार होते. त्यांच्यासमोर बघ, म्हणाले.

तो दिवस मला आजही नकोसा वाटतो. मी वर्गात शिकले होते की साध्या मेमरीच्या पट्टीवर एका बाजूला आठ चिपा असतात आणि दुरुस्तीच्या मेमरीवर नऊ. नवव्या चिपेत बाकीच्या आठांवर लक्ष ठेवायच्या खुणा असतात. मी ठामपणे सगळ्यांना सांगून बसले होते की आठच निघतील. लॅबची माणसं, नर्सेस, डॉक्टर, सगळे जमले. आत्यालाही मीच हट्टानं आणलं होतं. दुकानदारानं झाकण काढलं, पट्टी उपसली आणि माझ्या हातात दिली. मोजा ताई, म्हणाला. मी मोजल्या. नऊ होत्या. पुन्हा मोजल्या. दुसऱ्या पट्टीवरही नऊ. कुणीतरी मागं हसलं. आत्यानं पदर सावरला आणि ती बाहेर निघून गेली.

त्या संध्याकाळी घरात कुणाला जेवण गेलं नाही. ड्रम थांबले होते, त्यामुळे घर आणखीच गप्प वाटत होतं. आत्या कुणाला दोष देत नव्हती आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. शेवटी तिनं सांगितलं की ती उद्या जाऊन सही करणार आहे. बारा वर्षं केलेलं काम सोडून दुसऱ्या दारात उभं राहायची तिची तयारी नव्हती. मामांनी ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं.

"हौसे, सही केलीस तर उद्या कुनाचाबी आकडा चुकला तरी तुझंच नाव निघंल," ते म्हणाले. "आनि तू तर चुकली न्हाईस. चुकली हायस का?"

"न्हाई," आत्या म्हणाली.

"मग झालं. आठ दिसाची मुदत हाय, आजून चार ऱ्हायल्यात."

मला आज वाटतं की त्या रात्री मला झोप लागली ती मामांच्या हिशेबी आवाजामुळे. त्यांनी मला धीर दिला नाही, फक्त किती दिवस उरले ते सांगितलं.

सकाळी कॉलेजात मी आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांना गाठलं. सर फारसे बोलत नसत, सोल्डरिंग करता करताच ऐकायचे. मी नऊ चिपांची सगळी फजिती सांगितली. ते म्हणाले, "पट्टीवर नऊ आहेत, ठीक. पण पट्ट्या ज्यात बसतात त्या बोर्डावर नवव्या चिपेचं ऐकणारं कुणी आहे का?" ते मी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की दुरुस्तीची पट्टी साध्या बोर्डातही बसते आणि मुकाट्यानं साध्या पट्टीसारखी चालते. आठ चिपा वापरल्या जातात, नववीकडे कुणी बघत नाही. चिपा मोजून काही कळत नाही, मशिनलाच विचारावं लागतं. त्यांनी कपाटातून एक सीडी काढून दिली. ती घालून मशीन सुरू केलं की आतलं काही न बिघडवता एका आज्ञेनं ते स्वतःच्या मेमरीची माहिती पडद्यावर सांगतं. आणि जमलं तर बोर्डाबरोबर येणारी पुस्तिका मिळव, म्हणाले.

पुस्तिका दवाखान्यात नव्हती. दुकानदारानं ती स्वतःकडे ठेवली होती. फोनवर तो म्हणाला की शोधावी लागेल, बघू. मामांनी एक दिवसाची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला गेलो. मामांनी त्यांचा फौजेतला खाकी स्वेटर घातला होता, ऊन असूनही. दुकानदारानं आम्हाला पाहून कपाळाला हात लावला. आत गर्दी आहे, नंतर या, म्हणाला. मामांनी दारातलं स्टूल ओढलं, मला बसवलं आणि स्वतः शेजारी ताठ उभे राहिले. "आमी थांबतो," एवढंच बोलले. अकरापासून अडीचपर्यंत ते तसेच उभे होते. गिऱ्हाईक आलं की ते बाजूला सरकून वाट द्यायचे, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा जागेवर. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. शेवटी दुकानदारच वैतागून माळ्यावर चढला आणि धुळीनं भरलेली पुस्तिका आणून माझ्या मांडीवर ठेवली. घेऊन जा पण मला सोडा, म्हणाला. त्या पुस्तिकेत काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, असं मला आता वाटतं. मागणी आली तशी मेमरी त्यानं आणली आणि हाताशी असलेल्या बोर्डात बसवली. त्या काळात मी त्याला चोर समजत होते. पुढे मी स्वतः या धंद्यात आले आणि न वाचता बसवणारी माणसं किती असतात ते पाहिलं.

परतीच्या एसटीत मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. इंग्रजी कठीण होतं आणि गाडी हादरत होती. मामा खिडकीशी झोपले होते. कराड मागं पडलं तेव्हा मेमरीच्या पानावर, तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ सापडली. या बोर्डावर चूक-दुरुस्तीची मेमरी बसू शकते, परंतु ती दुरुस्तीविना चालेल. मी ती चार वेळा वाचली, मग मामांना हलवून उठवलं आणि मराठीत सांगितली. ते म्हणाले, खाली पेन्सिलीनं रेघ मार, पान दुमडू नको.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. दुकानदारालाही मी डॉक्टरांकरवी बोलावून घेतलं होतं, कारण मी पुस्तिका दाखवली तर तो म्हणेल ही दुसऱ्या बोर्डाची, हे मला ठाऊक होतं आणि तो तेच म्हणाला. मी वाद घातला नाही. मशीन बंद करायची परवानगी मागितली, सीडी घातली, पडदा उजळला तेव्हा आज्ञा टाइप केली. ओळींचा लोंढा वर धावला आणि थांबला. पडद्यावर शेवटच्या ओळी उरल्या होत्या. एकूण रुंदी बहात्तर, माहितीची रुंदी चौसष्ट.

दुकानदार पुढे वाकला. "बघा डॉक्टर, बहात्तर. आठ जास्तीचे आहेत. मी सांगत होतो."

मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग लक्षात आलं की हे पट्टीचं वर्णन आहे, चिपेमागे आठ धरून नऊ चिपांचं, आणि ते मला आधीच ठाऊक होतं. बोर्डाची हकिकत त्याच्या वर, पडद्याबाहेर निघून गेलेल्या ओळींत असणार. मी दोन बटणं दाबून मागं गेले. एक पान, दोन पानं. तिथं ती ओळ होती. एरर करेक्शन टाइप, आणि पुढे एकच शब्द, नन. म्हणजे दुरुस्ती काहीच नाही.

मी बाजूला झाले आणि डॉक्टरांना खुर्ची दिली. त्यांनी स्वतः वाचलं. पुस्तिका मागून घेतली, पेन्सिलीची रेघ पाहिली, झाकण काढून बोर्डावर छापलेलं नाव पुस्तिकेवरच्या नावाशी ताडून पाहिलं. दुकानदाराला त्यांनी एकच प्रश्न विचारला, हे तुम्हाला माहीत होतं का. त्यानं झाकण उचललं आणि परत बसवायला घेतलं.

मी आज इतक्या वर्षांनी हेही लिहायला हवं. त्या दिवशी ते एक घर नक्की कशामुळे उलटलं, किंवा ते मेमरीतच उलटलं, हे मी सिद्ध केलं नव्हतं. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं. मी एवढंच म्हणाले की ज्या भरवशावर तुम्ही माझ्या आत्याला लबाड ठरवलंत तो भरवसा या मशिनमध्ये नाही. पुढे नोकरीत अनेक मोठ्या साहेबांसमोर मी याहून अवघड गोष्टी बोलले आहे, पण तेवढं मोठं वाक्य मला पुन्हा जमलेलं नाही.

डॉक्टर आत्याकडे वळले. झालं ते झालं, उद्यापासून कामावर या, म्हणाले. मला वाटलं आत्या मान हलवेल आणि आम्ही घरी जाऊ. ती बारा वर्षं मान हलवतच आली होती. पण ती जागची हलली नाही.

"आवं डॉक्टर, येते की," ती म्हणाली. "पन मला सगळ्यांम्होरं लबाड म्हनलं. आता सगळ्यांम्होरं न्हाई म्हना. आनि लिवून द्या."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता सगळं मोडतं. मामा दारात उभे होते, साताऱ्याला उभे होते तसेच. मग डॉक्टरांनी घंटी वाजवली, लॅबच्या माणसांना आत बोलावलं आणि उभं राहून सांगितलं की हौसाबाईंच्या हातून चूक झालेली नव्हती, आणि त्यांनी खोटेपणा केला हा आमचा आरोप चुकीचा होता. मग कागद मागवून तेच स्वतःच्या हातानं लिहिलं. आत्यानं तो कागद वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि 'आरोप'च्या आधी 'आमचा' आहे ना हे पुन्हा पाहून घडी घातली.

महिन्याभरात नवं मशीन आलं, दुसऱ्या दुकानाचं. ते बसवायला आलेल्या माणसानं आत्याला सांगितलं की आता काळजी नाही, याची मेमरी सगळं दुरुस्त करते. आत्या खुर्चीत बसली नाही. तिनं मला कॉलेजात बोलावणं धाडलं, आणि मी येईपर्यंत रिपोर्ट हातानं लिहून वॉर्डात पाठवले. त्या माणसाला हा अपमान वाटला, त्यानं डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, बघू दे तिला.

मी सीडी घातली. ओळी वर धावल्या, मी मागं गेले आणि ती जागा काढून दिली. आत्यानं चष्मा लावला, मला हातानं बाजूला केलं आणि पडद्यावर बोट टेकून एकेक इंग्रजी अक्षर मोठ्यानं वाचलं, लॅबमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. सिंगल बिट ईसीसी, म्हणजे एखादं घर उलटलं तर ते दुरुस्त करणारी मेमरी. मग तिनं मला विचारलं, "ही चालू हाय न्हवं? नुसती बसलेली न्हाई?"

"चालू आहे," मी म्हणाले.

तिनं खुर्ची पुढे ओढली आणि सकाळपासून साठलेलं रजिस्टर उघडलं.